परस थोडा अस्ताव्यस्त राहू द्या

घराच्या बागेत पक्षी यावेत असं वाटलं की मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो 'काय आणू?' हा. दाण्याचं भांडं आणावं, लाकडी घरटं टांगावं, प्लॅस्टिकचा पाणवठा मांडावा. बाजारात हे सगळं मिळतंही. रत्नागिरीसारख्या ठिकाणी मात्र हा प्रश्न उलटा विचारायला हवा, असं माझं ठाम मत आहे. गेल्या वीस-तीस वर्षांत आपण परसातून काय काय काढून टाकलं? पातेरा झाडून जाळला, सुकलेली फांदी तोडली, जांभ्याचा गडगा पाडून सिमेंटची भिंत घातली, खळ्यात पेव्हर ब्लॉक बसवले, कुंपणाची करवंदं उपटून शोभेची झुडपं लावली, पडवीतली जळमटं पुसून काढली. ज्यांच्या आधारावर पक्षी जगतात आणि पिल्लं वाढवतात, त्यांतल्या बहुतेक गोष्टी याच यादीत सापडतात. घरबसल्या पक्षी पाहण्याचा खरा आनंद त्यांचा संसार पाहण्यात आहे: कोण कुठे गातो, कोण कोणाला हाकलतो, चोचीत काय धरून कुठे नाहीसा होतो. हा संसार दाण्याच्या भांड्यावर मांडला जात नाही. त्यासाठी परसाचा निदान एक कोपरा जरा अस्ताव्यस्त राहू द्यावा लागतो, आणि त्याला फारसा खर्चही येत नाही.

या बाबतीत रत्नागिरीकर नशीबवान आहेत. समुद्र, खाड्या, कातळाचे सडे, आंब्या-काजूच्या बागा आणि सह्याद्रीचा उतार हे सगळं इथे थोडक्या अंतरात एकापाठोपाठ येतं. त्यामुळे इतर ठिकाणी ज्यांच्यासाठी जंगल गाठावं लागतं असे पक्षी इथे न्हाणीघरामागच्या केळीवर दिसू शकतात. छोटा सूर्यपक्षी हा अंगठ्याएवढा जीव जगात फक्त पश्चिम घाटात आणि त्याला लागून असलेल्या पट्ट्यात राहतो. कोकणातल्या परसात तो केळफुलाला लोंबकळतो. या भागातल्या पक्ष्यांकडे अभ्यासू नजरेने पाहण्याची परंपराही जुनी आहे. जी. डब्ल्यू. व्हायडल या मुलकी अधिकाऱ्याने केलेली दक्षिण कोकणातल्या पक्ष्यांची पहिली यादी १८८० साली अ‍ॅलन ह्यूम यांच्या 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात छापून आली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली ती त्यानंतर तीन वर्षांनी, १८८३ मध्ये. तिच्या संस्थापकांपैकी एक, साताऱ्यात जन्मलेले ई. एच. एटकेन, यांनी तर घराच्या व्हरांड्यात आणि आवारात वावरणाऱ्या प्राण्यापक्ष्यांवरच पुस्तक लिहिलं. म्हणजे परसातलं निरीक्षण हा हौशी माणसांचा वेळ घालवण्याचा उद्योग आहे, असं समजण्याचं कारण नाही. आपल्याकडच्या पक्षी-अभ्यासाचा बराच भाग तिथूनच उभा राहिला आहे.

आता मुख्य मुद्दा. बागेतला पक्षी मोठेपणी काय खातो यावरून आपण त्याची गरज ठरवतो, आणि तिथेच चुकतो. बुलबुल फळं खातो, सूर्यपक्षी मध पितो, चिमणी दाणे टिपते हे खरं. पण पिल्लांच्या चोचीत हेच पक्षी प्रामुख्याने अळ्या, कोळी, नाकतोडे आणि माशा भरवतात. अंड्यातून बाहेर पडल्यापासून दोन-तीन आठवड्यांत पंख फुटून उडायचं असतं, आणि इतक्या वेगाने वाढायला प्रथिनं लागतात. किती, याचा अंदाज परदेशातल्या एका अभ्यासावरून येतो. उत्तर अमेरिकेतल्या कॅरोलायना चिकडी या आपल्या वल्गुलीच्या नात्यातल्या चिमुकल्या पक्ष्याला एक वीण वाढवायला सहा ते नऊ हजार अळ्या लागतात. २०१८ साली वॉशिंग्टन शहराच्या परिसरातल्या घरांच्या बागांवरचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. ज्या बागांत स्थानिक झाडांचं प्रमाण सत्तर टक्क्यांहून कमी होतं, तिथे या पक्ष्याची संख्या टिकेल इतकी पिल्लं वाढत नव्हती, असा त्याचा निष्कर्ष होता. कारण सरळ आहे. अळ्या वाटेल त्या पानावर वाढत नाहीत. पिढ्यान् पिढ्या ज्या झाडांशी त्यांचा संबंध आहे त्यांचीच पानं त्यांना पचतात. बाहेरून आणलेलं शोभेचं झाड वर्षभर हिरवंगार आणि एकही पान न कुरतडलेलं दिसतं, म्हणून आपल्याला आवडतं. पक्ष्याच्या लेखी ते रिकामं दुकान असतं. हे आकडे रत्नागिरीचे नाहीत, आणि इथल्या परसात सत्तर टक्क्यांचीच रेघ ओढावी असं मी म्हणणार नाही. आपला काजूही पोर्तुगीजांनी आणलेला आहे. पण पिल्लाला किडा लागतो आणि किड्याला ओळखीचं पान लागतं, ही साखळी इथेही तीच आहे.

हे समजलं की दाणे टाकण्याबद्दलची शंकाही उलगडते. बागेत मूठभर तांदूळ टाकले की प्रथम कोण येतं? पारवे, होले, कावळे. पारवे आणि होले आपल्या पिल्लांना गळ्याच्या पिशवीत तयार होणारा दुधासारखा स्राव भरवतात, त्यामुळे त्यांना किड्यांवाचून अडत नाही. म्हणजे आपण दाणे टाकून नेमक्या अशा पक्ष्यांना बळ देतो, ज्यांना मदतीची गरज सर्वांत कमी आहे. देशभरातल्या पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवर आधारलेल्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' या २०२३च्या अहवालात ९४२ जातींचा आढावा आहे. पारवा, कोकिळा, मोर असे कुठेही निभावून नेणारे पक्षी त्यात वाढताना दिसतात. ज्या जातींचा दीर्घकालीन कल ठरवता आला त्यांतल्या साठ टक्के मात्र घटल्या आहेत. एकाच भांड्यावर रोज गर्दी झाली की रोगही पसरतो. ब्रिटनमध्ये घरोघरी पक्ष्यांना खाऊ घालण्याची मोठी परंपरा आहे. तिथला ग्रीनफिंच हा हिरवा दाणेखाऊ पक्षी २००६ पासून ट्रायकोमोनोसिस या रोगाने झपाट्याने घटला. चोचीतून दाण्यावर आणि भांड्यातल्या पाण्यात उतरणारा हा संसर्ग. २०२१ मध्ये तो पक्षी त्या देशाच्या लाल यादीत गेला. मुंबईत कबुतरखान्यांवरून २०२५ साली उच्च न्यायालयापर्यंत वाद गेला, त्याच्या मुळाशीही माणसांच्या फुप्फुसांचा प्रश्न होता. आणि कोकणात आणखी एक गोष्ट आहे, जी परदेशी पुस्तकं सांगणार नाहीत: उघड्यावर मांडलेलं खाणं आधी माकडांना आणि वानरांना दिसतं, रात्री उंदरांना. जेवणाआधी कावळ्याला घास ठेवणं ही आपली रीत आहे, ती खुशाल पाळावी. एका घासाने काही बिघडत नाही. रोजची खानावळ मात्र चालवू नये.

मग परसात काय राहू द्यायचं? सर्वांत आधी पातेरा. आंबा, फणस, काजू यांची गळलेली पानं मार्च-एप्रिलमध्ये गोळा करून पेटवण्याची सवय अनेक घरांना आहे. ही पानं झाडांच्या बुंध्याभोवती तशीच कुजू दिली, तर त्यांखाली गांडुळं, वाळवी, गोमा, कोळी आणि भुंगेरे यांची वस्ती होते. सातभाईंचा थवा पातेरा उलटत पुढे सरकतो, आणि उडालेले किडे टिपायला कोतवाल त्यांच्या मागोमाग फांद्या बदलत येतो. नारंगी डोक्याचा कस्तूर सावलीत चार पावलं चालून थांबतो, पान बाजूला करतो, पुन्हा चालतो. पावसाच्या तोंडावर पहाटे आणि तिन्हीसांजेला दोन सुरांची स्वच्छ शीळ ऐकू येते ती नवरंगाची; जमिनीवर किडे-गांडुळं शोधणारा हा पक्षी झाडून लख्ख केलेल्या बागेत कशाला उतरेल? दुसरी गोष्ट कोळ्याच्या जाळ्यांची. सूर्यपक्षी, सुभग, नाचण, फुलटोच्या हे सगळे घरट्याचा कापूस, साल आणि गवत कोळ्याच्या धाग्यांनी बांधतात. तो धागा ताणला तरी तुटत नाही, त्यामुळे पिल्लं वाढली की घरटं त्यांच्याबरोबर सैल होतं. शिंपी पानं शिवतो तेव्हा टाक्यांसाठी तोही वापरतो. सूर्यपक्ष्याची मादी पडवीच्या वाशाखाली किंवा कपडे वाळत घालायच्या दोरीच्या टोकाला लोंबतं घरटं बांधते, ते तिला लागणारा माल हाताशी असतो म्हणून. घराच्या आतली जळमटं जरूर काढा; पडवीच्या बाहेरच्या कोपऱ्यांवर फेब्रुवारीपासून पावसापर्यंत केरसुणी फिरवू नका, इतकंच.

तिसरी गोष्ट पोकळ्यांची. पिंगळा, दयाळ, मैना, पोपट, तांबट, कुटुरगा, सुतार हे सगळे ढोलीत किंवा बिळात अंडी घालणारे. त्यांतले तांबट, कुटुरगा आणि सुतार स्वतः कोरतात, बाकीचे त्यांनी सोडलेल्या किंवा आपोआप झालेल्या ढोल्यांत राहतात. म्हणजे एका सुतारपक्ष्याला कोरायला मऊ लाकूड मिळालं, तर पुढची काही वर्षं त्यावर तीन-चार वेगळ्या जातींचे संसार होतात. शेवगा आणि पांगारा यांच्या सुकलेल्या फांद्या यासाठी उत्तम. घरावर, वाटेवर किंवा विजेच्या तारेवर पडेल अशी फांदी अर्थातच काढायची; पण परसाच्या टोकाला असलेल्या झाडाची मेलेली फांदी बुंध्यापर्यंत न छाटता चार-पाच फूट खुंट ठेवावा. इथे एक अपवाद नीट लक्षात ठेवा. मेलेला माड मात्र उभा ठेवू नका. कुजणाऱ्या माडाच्या खोडात गेंड्या भुंग्याची पैदास होते आणि तो शेजारच्या चांगल्या माडांच्या सुईत शिरतो. हापूसच्या कलमांवरची मेलेली फांदीही खोडकिड्याच्या भीतीने काढलेली बरी. गडग्याबद्दल सांगायचं तर चुन्या-सिमेंटाविना रचलेल्या जांभ्याच्या गडग्यात प्रत्येक दोन चिऱ्यांमध्ये फट असते. दयाळाला घरट्यासाठी भिंतीतलं भोक पुरतं. नवी भिंत बांधावीच लागली, तर आतल्या बाजूने दोन-तीन ठिकाणी अर्ध्या चिऱ्याएवढी जागा रिकामी सोडायला गवंड्याला सांगता येतं.

हे वाचताना प्रत्येक कोकणी वाचकाच्या मनात एक आक्षेप उभा राहिला असेल: पातेरा आणि गडगा म्हणजे फुरसं. हा आक्षेप खरा आहे आणि तो हसण्यावारी नेणाऱ्या माणसाचा सल्ला रत्नागिरीत कुणी ऐकू नये. जांभ्याच्या कातळावर, दगडांच्या फटींत आणि सुक्या पानांत फुरसं राहतं, त्याचा रंगही पातेऱ्यात मिसळून जातो, आणि इथल्या सर्पदंशांत त्याचा मोठा वाटा आहे. म्हणून परसाची विभागणी करावी. खळं, घराभोवतीची दहा-बारा फुटांची पट्टी, विहिरीची आणि गोठ्याची वाट रोज झाडून मोकळी ठेवायची; पातेरा राहील तो त्यापलीकडे, जिथे रोज पाय पडत नाही तिथे. तिकडे जाताना पायात बूट, संध्याकाळनंतर हातात बॅटरी, आणि पानांत किंवा चिऱ्यांच्या फटीत कधीही नुसता हात घालायचा नाही. पातेरा ओढायचा तो दाताळ्याने. दंश झालाच तर वेळ न घालवता सरकारी रुग्णालय गाठायचं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालणारं प्रतिविष तिथे दिलं जातं. एवढी काळजी घेतल्यावर आणखी एक विचार करून पाहावा. धामण आणि नाग घराजवळ येतात ते बहुधा उंदरांच्या मागे, आणि उंदीर येतात ते सांडलेल्या दाण्याच्या मागे. टोकाचा पातेरा आणि दाराशी मांडलेली दाण्याची थाळी यांत घराला जास्त धोका कशाचा, याचं उत्तर अवघड नाही. ढोलीतल्या भाडेकरूंपैकी गव्हाणी घुबड तर मुख्यतः उंदरांवरच जगतं, आणि पिंगळाही उंदीर पकडतो.

दुसरा आक्षेप बागायतदाराचा: पक्षी वाढले की फळं जातात. हापूसच्या बाबतीत ही भीती वाटते तेवढी नाही, कारण तो आपण तयार पण हिरवा असतानाच झेल्याने उतरवतो, आणि झाडावरच पिकलेल्या मऊ फळावर पक्ष्यांचा डोळा असतो. पपई, पेरू, चिकू यांचं नुकसान होतं हे मान्य. निवडक फळांना कागदी पिशव्या बांधणं हा कोकणात रुळलेला उपाय आहे. झाडावर नायलॉनचं जाळं टाकू नये, त्यात पक्षी, वटवाघळं आणि सापही अडकून मरतात. याहून अस्सल तक्रार आहे ती बांडगुळाची. फुलटोच्या हा बोटभर पक्षी बांडगुळाची फळं खातो, चिकट बी फांदीवर पुसून टाकतो आणि तिथे नवं बांडगूळ रुजतं. सूर्यपक्षी त्याच्या फुलांचं परागीभवन करतात. म्हणजे पक्षी आंब्याचं नुकसान करतात हे इथे अक्षरशः खरं आहे. पण बांडगूळ डोळ्याला दिसतं आणि हाताने काढता येतं. उत्पन्नाच्या कलमावरचं बांडगूळ फळं धरायच्या आत, फांदीत शिरलेल्या गाठीच्या खालून छाटावं. परसात एखादा जुना रायवळ असेल तर त्याच्यावरचं थोडं राहू द्यावं. हाच न्याय फवारणीला. तुडतुड्यासाठी कलमांवर औषध मारावं लागतं, ज्याचं घर आंब्याच्या पेटीवर चालतं त्याला ते सोडायला सांगण्याचा अधिकार मला नाही. मात्र पंप हातात आहे म्हणून जास्वंद, शेवगा, केळी आणि कुंपण यांवरही फवारा फिरवणं थांबवता येतं. ज्या अळीवर आपण औषध मारतो ती शिंप्याच्या पिल्लांची शिदोरी असते. आणि पिल्लांना भरवणारा शिंप्याचा जोडा तुमच्या भाजीवरच्या अळ्या दिवसभर वेचतच असतो.

पाणी ही एकच गोष्ट अशी आहे, जी मुद्दाम मांडावी. पावसाळ्याचे चार महिने रत्नागिरीला पाण्याचा तोटा नसतो, तेव्हा पाणवठ्याची गरज नाही. पण जांभा पाणी धरून ठेवत नाही. शिमग्यानंतर पऱ्ये आटतात, सडा तापतो, आणि मार्च ते मे या काळात परातभर पाणी कुठल्याही दाण्यापेक्षा जास्त पक्षी आणतं. भांडं उथळ हवं, दोन इंचांहून खोल नको, आत एक खडबडीत दगड. मातीची परात किंवा जुनं खापर उत्तम. गुळगुळीत स्टील-प्लॅस्टिकवर पक्ष्याचे पाय घसरतात. वर एखादं मडकं टांगून त्याला सुईएवढं भोक पाडलं आणि थेंब पडत ठेवला, तर त्या आवाजाने आणि हलत्या पाण्याने पक्षी लवकर येतात. जागा अशी, की जवळ झुडूप असावं पण मांजराला दबा धरता येईल इतकं लगत नसावं. डासांची शंका रास्त आहे आणि तिचं उत्तर सोपं: अंड्यापासून डास व्हायला आठवडाभर तरी लागतो, त्यामुळे रोज पाणी ओतून भांडं घासलं तर डास होऊच शकत नाहीत. रोज घासणं जमणार नसेल तर पाणवठा ठेवूच नये. जुन्या घरांची एक सोय इथे आठवावी. न्हाणीघराचं आणि मोरीचं पाणी केळी-अळवाकडे सोडलेलं असायचं. तो ओला, सावलीचा तुकडा भर वैशाखातही जिवंत राहतो. नवं घर बांधताना हे पाणी गटारात सोडण्याआधी एकदा विचार करावा.

अस्ताव्यस्त परस वाईट दिसतो, पाहुणे काय म्हणतील, हा आक्षेप उरतो. कोकणी घराने याचं उत्तर कधीच शोधून ठेवलं आहे: पुढीलदार आणि मागीलदार. पुढे सारवलेलं खळं, तुळस, रांगोळी, अबोली-शेवंती. मागे केळी, शेवगा, सरपण आणि रान. ही वाटणी ठेवली की नीटनेटकेपणालाही धक्का लागत नाही. शहरात, मारुती मंदिर किंवा नाचण्याच्या बाजूला फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना मागीलदार नसतं. त्यांनी गॅलरीत मोठ्या कुंडीत जास्वंद आणि अडुळसा लावावा, सूर्यपक्षी आणि शिंपी तेवढ्यावरही येतात. उरलेलं काम सोसायटीच्या कुंपणाकडच्या पट्टीवर करता येईल, तिथे मात्र शेजाऱ्यांचं मन वळवावं लागेल. मोठ्या काचा असतील तर बाहेरून पडदा, दोरे किंवा ठिपके लावावेत. काचेत दिसणारं झाड खरं समजून पक्षी आदळतात.

आता पाहायचं कसं. जागा एकच निवडावी, ओटी किंवा मागची पायरी, आणि सूर्योदयानंतरचा अर्धा-पाऊण तास. दुर्बीण घेणार असाल तर ८ पटींची आणि ४२ मिलिमीटर भिंगाची घ्यावी. १२ किंवा १६ पटींची हातात थरथरते आणि परसात कामाची नाही. पण पहिले दोन महिने दुर्बिणीवाचून काढावेत, असं मी आग्रहाने सांगेन. दूरच्या पक्ष्याचं नाव शोधण्याऐवजी जवळच्या दहा पक्ष्यांची दिनचर्या शिकावी. दयाळ चैत्रात कुठल्या टोकावर बसून गातो, त्याची हद्द कुठे संपते आणि दुसऱ्याची कुठे सुरू होते. शिपाई बुलबुलाची जोडी गवताची काडी घेऊन कुठल्या झुडपात शिरते. कावळा आणि कोकिळा यांचं मे महिन्यात काय चाललेलं असतं. हे घडताना पाहण्यात जी गोडी आहे ती दुर्मिळ पक्ष्याच्या ओझरत्या दर्शनात नाही. ऋतूंचं चक्रही मग आपोआप उलगडतं: हिवाळ्यात मोहरावर घोंगावणाऱ्या माशांच्या मागे येणारे वटवट्ये आणि माशीमार, पांगारा-सावरीच्या फुलांवरची झुंबड, करवंदं-जांभळांचे दिवस, पावशाची हाक, आणि पहिल्या सरींबरोबर आफ्रिकेकडून येणारा चातक. जांभळा सूर्यपक्षी विणीनंतर आपला चकाकता रंग टाकून पिवळट होतो आणि गळ्याखाली एक काळा पट्टा तेवढा ठेवतो. तो नवाच पक्षी वाटून फसायला होतं, आणि हे कोडं सुटतं ते वर्षभर एकाच झाडाकडे पाहिल्यामुळे. आवाज ओळखण्यासाठी 'मर्लिन' हे मोफत ॲप उपयोगी पडतं, पण त्याचं म्हणणं सूचना म्हणून घ्यावं. दयाळ आणि भृंगराज कोतवाल दुसऱ्यांच्या नकला करतात. रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून पक्ष्याला बोलावणं विणीच्या काळात क्रूरपणाचं आहे. घरट्याच्या फोटोसाठी पानं बाजूला करू नयेत, आणि जमिनीवर पडलेलं पंख फुटलेलं पिल्लू उचलून घरात आणू नये. त्याचे आईबाप बहुधा जवळच असतात, मांजर तेवढं आत कोंडावं.

एक वही मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा. तारीख, वेळ, झाड, पक्षी, काय करत होता, एवढं पुरे. या नोंदी पुढे ई-बर्ड या संकेतस्थळावर देता येतात. आपण वर पाहिलेला २०२३चा अहवाल अशाच हजारो हौशी लोकांच्या याद्यांतून तयार झाला, आणि त्यात गावातल्या परसांच्या याद्या शहरांच्या मानाने कमी पडतात. दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर परसातल्या पक्ष्यांची गणना होते, भारत २०१३ पासून तिच्यात आहे. आपल्या राज्यात मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत, ५ ते १२ नोव्हेंबर, पक्षी सप्ताह असतो. सुरुवातीला हे दोन मुहूर्त चांगले.

लागवडीचा मुहूर्त वेगळा, मृगाचा. पहिले दोन-तीन पाऊस होऊन जमीन भिजली की रोपं लावावीत. कुंपणाला करवंद, अडुळसा, निर्गुडी. टणटणी मुळीच नको, बुलबुल तिची फळं आवडीने खातात आणि म्हणूनच ती सड्यांवर आणि रानात पसरत जाते. शेवगा आणि पपई वर्षभरात फुलू लागतात, केळीचं फूलही लवकर येतं, त्यामुळे सूर्यपक्ष्यांसाठी फार थांबावं लागत नाही. पांगाऱ्याची फांदी रोवली तरी रुजते. जांभूळ, बकुळ, रातांबा यांना अनेक वर्षं द्यावी लागतील. जागा असेल तर परसाच्या अगदी टोकाला, घर, विहीर आणि भिंतीपासून निदान चाळीस-पन्नास फुटांवर एक उंबर लावा. त्याला खोडापासून फांदीपर्यंत वर्षातून अनेकदा फळं धरतात, इतर झाडं रिकामी असतानाही; तांबट, कुटुरगा, हळद्या, हरियल आणि देवरूख-चिपळूणच्या बाजूला राहत असाल तर धनेशही त्यावर उतरू शकतो. धनेशाला काजऱ्याची फळंही चालतात, तेव्हा बांधावर आपोआप उगवलेला काजरा निरुपयोगी म्हणून तोडू नका. घरात लहान मुलं आणि गुरं असतील तर त्याचं बी विषारी आहे हे मात्र सगळ्यांना सांगून ठेवा.